मागचं गेट : इंदूरच्या एका सोसायटीतलं भीतीचं प्रकरण

इंदूरच्या पश्चिमेला, अन्नपूर्णा रोडच्या पुढे, मध्यम आकाराची एक सोसायटी आहे. तिने एका सभेत मागचं गेट कायमचं बंद करायचा ठराव हात वर करून मंजूर केला आणि पावसाळा संपायच्या आत तो फिरवला. दोन्ही सभांना मी होतो. मधल्या काळात आकडे गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझी नोकरी विम्यात गेली आणि 'जोखीम' म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात. सोसायटीचं नाव देत नाही. सुदामा नगरपासून राजेंद्र नगरपर्यंत अशा सोसायट्या चिक्कार आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच प्रकरण थोड्याफार फरकाने घडून गेलं असेल.

आधी जागा. सोसायटीत निम्म्याहून जास्त घरं मराठी. रामबाग, लोकमान्य नगर, नारायण बाग इथल्या जुन्या घरांतून फ्लॅटमध्ये आलेली माणसं. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी वीज मंडळातून, कुणाची मुलं पुण्या-बंगलोरला. पुढचं गेट मोठ्या रस्त्यावर उघडतं. तिथे सिटी बस, मॅजिक, ई-रिक्षा आणि रात्री नऊनंतर डंपर. मागचं गेट एका अरुंद गल्लीत. गल्लीत दुधाची डेअरी, एक किराणा, छोटं मारुतीचं देऊळ, पुढे बगीचा. शाळेच्या बसही गल्लीच्या तोंडाशीच थांबतात. आणि गल्लीच्या टोकाला ती वस्ती, जिथून आमच्याकडे धुण्या-भांड्याला बाया येतात. ठरावाच्या मुळाशी ही वस्ती होती, पण सभेत तिचं नाव कुणी सरळ घेतलं नाही. 'पलीकडची पोरं' एवढंच.

ठिणगी पडली ती एका व्हिडिओमुळे. रात्रीचे दिवे, स्कूटरवरचा एक माणूस, दोन पोरं, चाकू. वीसेक सेकंदांचा ऐवज. खाली हिंदीत लिहिलेलं : अपनी कॉलोनी के पीछे की गली, अभी का वीडियो, सतर्क रहें. दहा मिनिटांत ग्रुप पेटला. अकरावीतल्या एका मुलीने व्हिडिओ थांबवून, मोठा करून पाहिला. मागे उभ्या बाइकच्या पाटीवर एमपी ०९ नव्हतं, पाटी दुसऱ्याच राज्याची होती. गल्लीत इतका रुंद फुटपाथही नाही. तिने हे ग्रुपवर टाकलं. त्याला एक अंगठा मिळाला, आणि त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांसकट तोच व्हिडिओ पुन्हा आला, आता दुसऱ्या कुणाकडून.

व्हिडिओ खोटा नव्हता. कुठेतरी, कधीतरी कुणावर तरी चाकू चालला होताच. खोटं होतं ते 'इथे' आणि 'आत्ता'.

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सेक्रेटरी काकांनी सुरुवात केली ती थेट मुद्द्यावर : "काही झाल्यावर मग काय मेणबत्त्या घेऊन बसायचं का?"

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काका, माझी पोर साडेआठला क्लासहून येते. मागचं गेट बंद झालं तर ती मेन रोडवरून येणार."

"मेन रोडला निदान उजेड तरी आहे, वहिनी."

"उजेड डंपरचापण आहे."

थोडं हसू झालं आणि विषय तिथून निसटला. एका आजोबांनी जुन्या इंदूरची आठवण काढली. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात दोनला गराडू खाऊन आम्ही चालत रामबागेत यायचो, कुणाच्या बापाची भीती नव्हती. सगळ्यांच्या माना डोलल्या. मग एकाने पेपरचं कात्रण फडकवलं : दर लाख लोकांमागच्या गुन्ह्यांत इंदूर देशातल्या मोठ्या शहरांत वरच्या रांगेत. त्यानंतर फारसं बोलणं उरलं नाही. मागच्या गेटला कायमचं कुलूप, रात्रीचा दुसरा गार्ड, चार नवे कॅमेरे आणि बायांना ओळखपत्र, असं सगळं एका दमात मंजूर झालं.

शहराची हवाही तशीच होती. बीआरटीएस, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गाच्या, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा या साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये ती मागे घेतली गेली. त्या दोन वर्षांत नशेत धिंगाणा घालणाऱ्या पोरापोरींचे व्हिडिओ इंदूरच्या प्रत्येक घरात पोचले. निर्णय बरोबर की चूक यावर माझं वेगळं मत आहे आणि ते इथे गैरलागू आहे. पण शहर 'बिघडलंय' हे मत आमच्या सभेआधीच तयार होतं. व्हिडिओने फक्त त्याला गल्लीचा पत्ता दिला.

आता ते कात्रण. त्याचा आधार एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग. १९८६ साली स्थापन झालेली ही संस्था दरवर्षी देशभरातल्या पोलीस ठाण्यांचे आकडे एकत्र करून छापते; अहवालाची परंपरा त्याहून जुनी, १९५३ पासूनची. वीस लाखांवर लोकसंख्येची १९ महानगरं त्यात वेगळी काढलेली असतात आणि त्यात इंदूर आहे. शहराचा दर काढायला गुन्ह्यांच्या आकड्याला लोकसंख्येने भागायचं. पण कुठल्या? इथे मेख आहे. शहरांसाठी भाजक म्हणून २०११ च्या जनगणनेचा आकडा घेतला जातो, कारण त्यानंतर जनगणनाच झाली नाही. पुढची २०२७ ची. इंदूरसाठी तो आकडा २१.७ लाख. त्यानंतर शहर सुपर कॉरिडॉरच्या, बायपासच्या, राऊच्या दिशेने किती सुटलं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

सभेतल्या लोकांना मी हे असं मांडून दाखवलं. समजा, वर्षात एका प्रकारचे हजार गुन्हे नोंदले. २१.७ लाखांनी भागलं तर लाखामागे ४६. शहरात खरं तर तीस लाख लोक राहत असतील तर तोच दर ३३. एकही चाकू कमी न चालता शहर एवढं सुरक्षित होतं. ज्या शहराची वाढ जास्त, त्याचा दर जास्त फुगलेला दिसणार. ज्याची वाढ थंड, ते आपोआप शहाणं ठरणार. शहरांची क्रमवारी लावणाऱ्या बातम्यांत हे एक वाक्य कधी छापून आलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरी गंमत एकूण आकड्याची. २०२० साली देशात गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले, अशी बातमी आली होती. त्या वर्षी निम्मा देश घरात बसला होता. वाढ कुठून आली? सरकारी आदेश मोडल्याबद्दलचं जुनं कलम १८८. २०१९ मध्ये त्याखाली २९,४६९ गुन्हे होते, २०२० मध्ये ६,१२,१७९. लॉकडाउनमध्ये दूध आणायला निघालेला माणूसही त्या गुन्हेवाढीत जमा आहे. २०२३ च्या अहवालातही तसंच : एकूण गुन्हे ७.२ टक्क्यांनी वाढले आणि त्याच वर्षी खून २.८ टक्क्यांनी कमी होऊन २७,७२१ झाले. मथळा यातल्या कुठल्या आकड्याचा होणार ते उघड आहे. जोरात वाढले ते सायबर गुन्हे, २०२२ मधल्या ६५,८९३ वरून ८६,४२० वर. आमच्या सोसायटीतही गेल्या काही वर्षांत पैसे गेले ते फोनवरूनच, पण फोनला कुलूप लावायचा ठराव कुणी आणला नाही.

आकडा कमी म्हणजे सुरक्षित, हेही खरं नाही. केरळचा एकूण गुन्ह्यांचा दर बिहारपेक्षा कितीतरी वर असतो, कारण तिथे गुन्हा नोंदला जातो. खुनांकडे पाहिलं तर चित्र उलटं : २०२२ मध्ये केरळात ३३४, बिहारमध्ये २,९३०. बिहारची लोकसंख्या तिपटीहून जास्त धरली तरी फरक उरतोच. एनसीआरबी स्वतःच अहवालाच्या सुरुवातीला बजावते की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर लिहायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितलं. त्यामुळे एखादं ठाणं प्रामाणिकपणे लिहू लागलं की त्याचा इलाखा कागदावर बिघडतो. डिसेंबर २०२१ मध्ये इंदूर-भोपाळला पोलीस कमिशनर पद्धत आली. अशा बदलानंतरचे आकडे आधीच्या आकड्यांशेजारी ठेवताना जरा हात आखडता घ्यावा.

म्हणून विम्यातली आमची सवय अशी की आकड्यांत लपवाछपवी जिथे सगळ्यात कमी, तिथून सुरुवात करायची. हिंसेच्या बाबतीत तो आकडा खुनाचा. प्रेत सहसा नोंदीबाहेर राहत नाही.

आजोबांच्या जुन्या काळाला याच आकड्याने गाठलं. १९९२ साली देशात ४०,१०५ खून नोंदले गेले, तेव्हा लोकसंख्या ८७ कोटींच्या आसपास. २०२२ साली २८,५२२, आणि लोकसंख्या १४० कोटींच्या घरात. लाखामागे साडेचारच्या वरून दोनच्या आसपास. निम्म्याहूनही कमी. आजोबा सराफ्यातून निर्धास्त यायचे ते वर्ष कुठलं, हे मी त्यांना विचारलं नाही. पण इथली हुकुमचंद कापड मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली त्याच्या आगेमागची त्यांची आठवण असावी. त्यांची आठवण खोटी नाही. त्यांना भीती वाटत नव्हती हे खरंच. भीती न वाटणं आणि धोका नसणं यांची तेव्हाही फारकत होती, फक्त उलट्या बाजूने.

हा घोळ आपलाच आहे असंही नाही. इप्सॉस या संस्थेने २०१७ साली ३८ देशांत, भारत धरून, लोकांना विचारलं होतं : तुमच्या देशात २००० सालापेक्षा खुनाचं प्रमाण कमी झालंय का? 'कमी' म्हणणारे निघाले सात टक्के. त्या देशांत मिळून प्रमाण २९ टक्क्यांनी उतरलं होतं. अमेरिकेत एफबीआयच्या आकड्यांप्रमाणे हिंसक गुन्ह्यांचा दर १९९३ ते २०२२ मध्ये ४९ टक्क्यांनी घसरला, पण गॅलप या संस्थेने त्या काळात घेतलेल्या २७ पाहण्यांपैकी २३ वेळा किमान साठ टक्के लोक म्हणाले की देशात गुन्हे वाढलेत. मात्र 'तुमच्या भागात?' असं विचारलं की तिथेही आकडा खाली येतो. आमच्या पार्किंगमध्ये मी तेच विचारलं. आपल्या गल्लीत गेल्या पाच वर्षांत काय झालं? एक सायकल गेली, मारुतीच्या दानपेटीचं कुलूप तुटलं. आणखी? कुणाला आठवेना. "पण शहरात किती होतंय!" असं एक ताई म्हणाल्या आणि पुन्हा माना डोलल्या.

थाना फार लांब नाही. टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, बंदोबस्तात होते, पण एक जुने हवालदार बोलायला मोकळे निघाले. त्यांचं म्हणणं शब्दशः देतो : "साब, चाकू पहचानवालों में ही चलता है. उधारी, दारू, मोबाइल, लड़की, नहीं तो पुरानी खुन्नस. आपके गेट से उसका क्या लेना?" पुढे म्हणाले, बाहेरचा माणूस सोसायटीत शिरतो तो चोरीला, आणि चोर कुणाच्या डोळ्यांत न भरता सुटायला बघतो. हे बोलताना समोर एक फिर्यादी बसला होता, कपाळाला पट्टी बांधलेला. भावानेच मारलं होतं. वाटणीचं शेत, बेटमा गावाकडचं.

हवालदारांच्या बोलण्याला अहवाल दुजोरा देतो. २०२२ च्या खुनांत सगळ्यात मोठं कारण 'वाद' : ९,९६२. त्याखाली वैयक्तिक वैर, ३,७६१. पैशाअडक्याच्या लोभापायी झालेले १,८८४. म्हणजे ज्या खुनासाठी आपण गार्ड ठेवतो, तो अनोळखी लुटारूचा खून, या शेवटच्या छोट्या रकान्यातलाही एक हिस्साच. बलात्काराचं तर त्याहून : २०२१ च्या नोंदींत ९६.५ टक्के प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीतला. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक.

इथपर्यंत आलं की शहाणी माणसं थांबतात आणि निकाल देतात : लोक उगाच घाबरतात, आकडे खरे. मला हे पटत नाही. आमच्याच सोसायटीत त्याच वर्षी हिंसेची एक घटना घडली होती, आणि ती कुठल्याही आकड्यात नाही.

बी विंगमधले दोघे. एकाची गाडी दुसऱ्याच्या जागेत अर्धा फूट. आधी चिठ्ठी, मग ग्रुपवर टोमणा, मग वायपरवर खोचलेली दुसरी चिठ्ठी. एका रविवारी सकाळी नव्या गाडीच्या दारावर ओरखडा दिसला. दोघांच्या आवाजाने बाल्कन्या भरल्या. एकाच्या मुलाची क्रिकेट बॅट जिन्याशी टेकवलेली होती, ती हातात आली. समोरच्याने हात मधे घातला म्हणून डोकं वाचलं, मनगट फुटलं, कोपरापाशी टाके पडले. डॉक्टरांना 'जिन्यात पडलो' असं सांगितलं. संध्याकाळी कमिटीने दोघांना बसवून समेट करून दिला. सेक्रेटरी काकाच मध्यस्थ. "अहो, दोघंही आपलीच माणसं. थाना-कचेरी करून पोरांच्या नोकऱ्यांना डाग लावायचा का?"

बॅट डोक्यावर बसती तर तो त्या ९,९६२ सारखाच एक आकडा झाला असता. बसली नाही, म्हणून कागदावर शून्य. मागच्या गल्लीतल्या दोन पोरांनी हेच केलं असतं तर त्याला चाकूबाजीच्या रांगेतला गुन्हा म्हटलं असतं, पोलीस आले असते, पेपरात आलं असतं. हिंसा कुणाची यावरून तिची नोंद ठरते. आपल्या माणसाची असेल तर ती भांडण, परक्याची असेल तर गुन्हेगारी.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. वरच्या मजल्यावरच्या एका घरातून रात्री आवाज येतात, हे लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. भांडी पडल्याचा नव्हे, त्यानंतरचा आवाज. कुणी काही बोललं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या निघाल्या १४ टक्के. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या त्यातल्याही थोड्या. आणि तरीही नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचे २०२२ चे नोंदलेले गुन्हे १,४०,०१९ आहेत. दिसतो तो हिमनगाचा शेंडा म्हणायलाही लहान. हुंडाबळी खुनाच्या आकड्यात धरतच नाहीत. त्यांचा रकाना वेगळा, वर्षाला सहा हजारांच्या वर.

इंग्लंड-वेल्समध्ये १९८० च्या दशकापासून लोकांच्या घरी जाऊन विचारतात की तुमच्यावर काही गुजरलं का, मग तुम्ही पोलिसांत गेला असाल वा नसाल. आपल्याकडे अशी नियमित पाहणी नाही. त्यामुळे आपल्या आकड्यांत बाहेरची हिंसा बरी दिसते, घरातली अंधारात राहते, आणि पेपर-व्हिडिओ त्यातला बाहेरचाच भाग पुन्हा मोठा करून दाखवतात. भीती आणि आकडे दोन्ही एकाच बाजूला झुकलेले. दोघांचाही रोख गल्लीकडे, पाठ जिन्याकडे.

आता मेन रोड. वहिनींनी पहिल्या सभेत जे सांगितलं होतं त्याला आकड्यांची जोड द्यायला मला फार कष्ट पडले नाहीत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. खुनांच्या जवळजवळ सहापट. मध्य प्रदेशात अंतर आणखी रुंद : खून १,९७८, रस्त्यावरचे मृत्यू १३,४२७. अपघातांच्या संख्येत आपलं राज्य त्या वर्षी तमिळनाडूखालोखाल दुसरं. पण सभेत जो आकडा ऐकून खुर्च्या सरकल्या तो वेगळा होता. रस्त्यावर नुसते पायी चालताना मेलेले ३२,८२५. म्हणजे चालत जाणारे जेवढे गाडीखाली मेले, तेवढे एकूण खूनसुद्धा झाले नाहीत.

गेट बंद झाल्यापासून काय चाललं होतं ते सगळ्यांना दिसत होतंच, कुणी त्याला धोका म्हणत नव्हतं एवढंच. सकाळी पावणेसातला शाळेची पोरं पाठीवर दप्तर घेऊन पुढच्या गेटने निघायची, मेन रोडच्या कडेने गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. फुटपाथ आहे, पण त्यावर पोह्याची गाडी आणि तिच्याभोवती उभ्या बाइक. पोरं रस्त्यावर उतरून वळसा घालायची. आजी-आजोबांनी बगीचा सोडला. दोघी आजी हट्टाने जात राहिल्या, हात धरून, आणि डिव्हायडरच्या फटीतून पलीकडे. क्लासहून येणारी ती मुलगी आईला फोन चालू ठेवून मेन रोडने यायची, म्हणजे एक कान फोनला आणि एकच कान मागून येणाऱ्या गाड्यांना. बाया लांबून येऊ लागल्या म्हणून उशीर, उशिराबद्दल बोलणी, दोघींनी काम सोडलं. एका आजोबांना ई-रिक्षाचा धक्का लागला. हाड मोडलं नाही, पण महिनाभर घरात. त्याची नोंद ग्रुपवर 'गेट वेल सून' एवढीच.

सुरक्षेसाठी घेतलेल्या निर्णयाने धोका वाढवला, हे वाक्य मी दुसऱ्या सभेत मुद्दाम बोललो नाही. असं म्हटलं की समोरचा बचावात जातो. पुढच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं सकाळच्या पंधरा मिनिटांचं चित्रण मोठ्या टीव्हीवर लावलं, पोरं रस्त्यावर उतरतात तेवढ्याच वेळचं. व्हिडिओने सुरू झालेल्या प्रकरणाला व्हिडिओचाच उतारा पडला हे मला फारसं आवडलेलं नाही. आकड्यांवर माणसं बदलतात ही माझी हौस तिथे पुरी झाली नाही. पण पोरं आपली होती, रस्ता आपला होता आणि वेळ आजची होती. सेक्रेटरी काका बराच वेळ गप्प बसले. त्यांची नात त्यात होती.

तरी वाद झालाच. काकांचा मुद्दा मला अजूनही वजनदार वाटतो. ते म्हणाले, "तुमचं लाखामागे दोन मान्य. पण ज्याच्या घरात झालं त्याच्यासाठी ते शंभरातले शंभर. आणि रात्री भीती वाटते त्याचं काय? झोप लागत नाही त्याचा आकडा कुठे आहे?" याला विम्याकडे उत्तर नाही. भीती हीसुद्धा एक किंमत आहे, ती माणसं रोज मोजतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला राष्ट्रीय सरासरी ऐकवणं हा उद्धटपणा आहे. फक्त त्या भीतीवरचा खर्च दुसऱ्याच्या पायांनी होऊ नये. गेट बंद करणाऱ्यांपैकी बहुतेक गाडीने ये-जा करणारे होते, आणि गेटची किंमत मोजत होती ती पोरं, म्हातारी माणसं आणि बाया. हे मी बोललो, आणि थोडं जास्त जोरात बोललो.

अखेर ठरलं ते असं. मागचं गेट सकाळी साडेपाच ते रात्री साडेदहा उघडं. दुसरा गार्ड काढला नाही, पुढून उचलून मागे बसवला. गल्लीतले बंद दिवे ३११ ॲपवर तक्रार टाकून नगर निगमकडून लावून घेतले; उजेड आला तशी एकट्या राहणाऱ्या आजींची तक्रारही थांबली, आकड्यांनी थांबली नव्हती. कॅमेरे राहिले, त्यातला एक पार्किंगकडे वळवला. गाड्यांच्या जागा पिवळ्या रंगाने आखल्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हिंसा टाळणारा सगळ्यात स्वस्त उपाय तो रंगाचा डबाच. लिफ्टमध्ये १८१ या महिला हेल्पलाइनची पाटी लागली. ती लावणाऱ्या दोन ताई त्या वरच्या घरी अधूनमधून, वाटी-साखरेच्या निमित्ताने, जाऊ लागल्या आहेत. त्यापुढचं त्या सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

बायांच्या ओळखपत्रावर मात्र मी हरलो. "पोलीस सत्यापन तर सगळीकडे असतं" या एका वाक्यावर ते राहिलं. पेंटर, एसीवाला, कुरियरवाला, कुणाकडेच कार्ड मागत नाहीत. काम सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली, दुसरी नाही.

मेन रोडवर झेब्रा पट्टे आणि गतिरोधक मागणारा अर्ज अजून सोसायटीत फिरतोय. गेट बंद करायला जेवढे हात वर झाले होते, तेवढ्या सह्या त्यावर अद्याप झालेल्या नाहीत.